अर्धी वाचलेली कादंबरी

ती कादंबरी मी अर्धीच वाचली होती, आणि तरीही विहारात उभा राहून सगळ्यांना वाचायला सांगितली.

सेक्टर ६ मधल्या आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की कुणीतरी एका पुस्तकाबद्दल बोलतं. मोठ्या माणसांना विचार करायला लावणारं पुस्तक हवं आणि सांगणाऱ्यानं ते वाचलेलं हवं, एवढीच अट. बहुधा मीच उभा राहायचो. याच्या पुस्तकानं झोप मस्त लागते, असं म्हणून बायका हसायच्या, पण पुस्तकं न्यायच्या.

ही कादंबरी एका म्हाताऱ्या जोडप्याची होती. त्यांची भांडणं, चहा, एकमेकांशिवाय न करमणं, इथवर मी पोचलो होतो. पुढचंही असंच असेल, असं धरून चाललो. रेल्वेतून रिटायर झालेले दादा मागे बसले होते. पलीकडच्या खुर्सीपार वस्तीत एकटेच राहायचे. वहिनींना जाऊन वर्षही झालं नव्हतं. वहिनींच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी दादांसोबत बसलो होतो. दादा कधी वाचत नसत. मीच आग्रहानं पुस्तक हातात दिलं. वाचा, बरं वाटेल, म्हणालो.

काही दिवसांनी ते स्कूटरवर आमच्या घरी आले. आत आले नाहीत. दारातच पुस्तक पुढे केलं.

“तू हे पुरं वाचलं होतं का?”

वाचणारा माणूस म्हणून विहारात माझी थोडी इज्जत होती. ती जपावीशी वाटली. हो म्हणालो, पुरं वाचलं.

“मंग मले कावून देलं? दवाखान्यात तं तू संगच होता.”

ते गेल्यावर मी उरलेली पानं वाचली. त्यातली बाई दवाखान्यात मरते. नाकातली नळी, कोरडे ओठ, शेवटी नवऱ्यालाही न ओळखणं. वहिनींचंच सगळं, सावकाश, पानामागून पान. माझ्या त्या ‘हो’मुळे दादांना वाटलं, की हा शेवट ठाऊक असूनही मी त्यांना वाचायला लावलं.

त्यांनी विहारात येणं सोडलं. बाजारात मी दिसलो की स्कूटर दुसरीकडे वळवायचे. त्याले घरचा समजत होतो, एवढंच ते कुणाजवळ तरी बोलल्याचं कानावर आलं. मी मात्र रविवारी उभा राहून पुस्तकं सांगतच होतो.

शेवटी एका सकाळी खुर्सीपारला गेलो. दादा दारात भाजी निवडत होते. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच बोललो.

“दादा, म्या ते अर्धंच वाचलं होतं. तुमाले खोटं सांगतलं. माफ करा मले.”