मामांचा वायपर आणि ओवशाचा दोरा

आयुष्यभर दुसऱ्यांचे लिहिलेले वाचण्यात समाधान मानलेल्या माणसाने साठीनंतर लेखणी हाती घ्यावी, हे धार्ष्ट्यच आहे. वाचकांनी ते पोटात घालावे. परंतु माझ्या मामेसासऱ्यांविषयी आजवर कोणीच काही लिहिलेले नाही, आणि यंत्राला माणसाइतका मान देणारा त्यांच्यासारखा दुसरा गृहस्थ सावित्रीच्या खोऱ्यात झाला नाही, अशी माझी खात्री आहे.

महाडच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर मामांनी एक जुनी काळी मोटार घेतली आणि पहिल्या दिवसापासून तिला ‘बाई’ म्हणू लागले. त्यांच्या मते यंत्र बिघडत नसे, ते रुसत असे. आणि घरच्या रुसलेल्या माणसाला परक्याच्या हाती सोपवणे हे कुलीनाचे लक्षण नव्हे. त्यामुळे बाईंनी गॅरेजचे तोंड कधी पाहिले नाही. मागच्या दाराची कळ गेली, तेव्हा मामांनी देवघराच्या कपाटाची कडी काढून तिथे बसवली. देव उघड्यावर आले, पण दार लागू लागले. भोंगा मुका झाल्यावर ते खिडकीतून डोके बाहेर काढून “जरा बाजूला होता का?” असे विचारीत. दासगावच्या रस्त्यावर बसलेल्या म्हशींनाही हा प्रश्न त्याच अदबीने विचारलेला मी ऐकला आहे. म्हशी उठत असत. बॉनेट उघडण्यापूर्वी मामा चपला काढीत.

मामी लवकर गेल्या. एकुलत्या सुमनला मामांनी एकट्याने वाढवले आणि पोलादपूरपलीकडच्या कापडे गावी दिले. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे फळाफुलांनी भरलेली माहेरची सुपे गौरीपुढे ओवाळणे, गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच होतो; तोवर सासरच्या बायकांत ती थोडी बाहेरचीच राहते. सुमनच्या लग्नानंतर हा योग सारखा हुकत गेला. अखेरीस जुळून आला, तेव्हा पोरीला आई नाही हे सुपात कुणाला दिसू नये, एवढा एकच ध्यास मामांना लागला. शेजारणींना विचारविचारून त्यांनी सुपे भरली, हळदीत बुडवलेला दोरा स्वतः त्यांच्याभोवती गुंडाळला, आणि दुपार टळण्याआधी पोचायचे म्हणून सुपे न्यायला आलेल्या सुमनला व सोबतीला मला घेऊन निघाले.

पोलादपूर मागे पडले आणि पावसाने काच झाकून टाकली. मामांनी कळ दाबली. आतली मोटर घुरघुरू लागली, पण वायपर जागचे हलेनात. मोटार कडेला लावून मामा डॅशबोर्डखाली आडवे शिरले. त्यांचे अनवाणी पाय बाहेर पावसात राहिले. थोड्या वेळाने आतून गंभीर आवाज आला, “मोटरपासून वायपरला जाणारी दांडी निसटली आहे. सांध्यातले रबर झिजले. बाईंचा दोष नाही.” स्वतःच्या चपलेच्या टाचेचा तुकडा कापून त्यांनी सांध्यात बसवला, पण दांडी पुनःपुन्हा सुटे. बांधायला काहीतरी हवे होते.

सुमन मांडीवरच्या सुपाचा दोरा सोडू लागली.

“हे काय करतेस गो?” मामांनी विचारले.

“मीच पोचले नाय तर दोरा ओवसणार आहे का, बाबा?”

“सासू काय म्हणेल?”

“म्हणेल की. पण त्याला आधी तिथं पोचायला हवं.”

डॅशबोर्डखालून मामांचा नुसता हात बाहेर आला. एका सुपाचा दोरा पुरला नाही. सगळ्या सुपांचा लागला.

कापड्याला विहीणबाई ओटीवरच उभ्या होत्या. त्यांनी सुपांवरून नजर फिरवली. “दोरा कुठं हाय गो?”

सुमनने तोंड उघडण्याआधीच मामा पुढे झाले. ते नखशिखान्त भिजले होते आणि त्यांच्या एका चपलेला टाच नव्हती. “वायपरला बांधलाय,” ते म्हणाले. “घरात बाईमाणूस नाही. उणं माझ्याकडून राहिलं, तिला बोल लावू नका.”

विहीणबाई छत्री उघडून मोटारीपाशी गेल्या. “चालवा बघू.”

मामांनी कळ दाबली. वायपर एकदा अडखळले आणि फिरू लागले. आरती खोळंबली असताना त्या माउली ते पाहत उभ्या राहिल्या.

“पोर पोचवली ना त्या दोऱ्यानं? मंग काय वाईट झालं?” एवढे बोलून त्यांनी आत हाक दिली, “माझ्या सुपाचा दोरा सोडा गो, अर्धा हिच्या सुपांना घाला.” मग मामांच्या पायांकडे पाहून त्या सावकाश म्हणाल्या, “पण व्याही, त्या गाठीत चपलेचा तुकडा हाय, ते गवरीला सांगू नका.”

ओवसा झाला. सुमन सासरच्या बायकांच्या ओळीत बसली, कुणाशी तरी हसून बोलू लागली. दारातून मामांनी ते पाहिले. निरोप घ्यायला तिला मुद्दाम उठवू नका, असे ते मला म्हणाले.

परतताना मागचे आसन रिकामे होते. पोलादपूर येईतो पाऊस थांबला, रस्त्यावर ऊनही पडले. कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरतच होते. शेवटी मी भीतभीत म्हणालो, “मामा, पाऊस थांबला.”

“हो,” ते म्हणाले, पण कळेला त्यांनी हात लावला नाही.

मामांना जाऊन आता बराच काळ लोटला. त्या दिवशी महाड येईपर्यंत मला दुसरे एकही वाक्य सुचले नव्हते, आणि खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही. त्यांच्या शेजारी माझ्याऐवजी तुम्ही बसला असता, तर काय बोलला असता?