चोरीची गाडी, सगळे स्टॉप घेत

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. एका बाईंना गुडघ्याच्या ऑपरेशनआधी एकदा समुद्र बघायचा होता, आणि त्यांना अडवण्यासाठी मी दोन राज्यांचे पोलीस भर पावसात रस्त्यावर उभे केले होते. दुपारपर्यंत मला त्या समुद्राचं काहीही माहीत नव्हतं.

तेव्हा मी बेळगावात पोलीस निरीक्षक होतो. जुलै महिना, सकाळचे साडेसात. खासबागेतला चाळिशीचा एक गृहस्थ छत्री न मिटताच ठाण्यात शिरला. त्याची कॅम्परव्हॅन दारातून चोरीला गेली होती. "म्हंजे काय असतंय?" असं ठाणे अंमलदाराने विचारल्यावर त्याने फोनवरचे फोटो दाखवले. जुनी टेम्पो गाडी, पण आत पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. पर्यटकांना भाड्याने द्यायला त्याने ती वर्षभर खपून तयार केली होती आणि दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक येणार होतं.

"किल्ली कुठे होती?" मी विचारलं.

"खुंटीवर. ती बी न्हाय."

"घरात कोण कोण असतं?"

"मी, बायको, आई न् आप्पा. आई-आप्पा सकाळच्या रेल्वेनं गुंजीला मावशीकडं गेल्यात. आईचं सोमवारी ऑपरेशन हाय, त्याच्या आधी भेटून येतो म्हणालते."

किल्लीसकट गाडी जाते म्हणजे माहितगाराचं काम, हे नवखा शिपाईही सांगेल. मी गुन्हा दाखल करून घेतला. गाडीचा नंबर आणि फोटो आसपासच्या सगळ्या ठाण्यांना, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात चंदगड-सावंतवाडीलाही पाठवले. 'टोळी असण्याची शक्यता, सावधगिरीने अडवावे' ही ओळ मीच सांगून लिहून घेतली. त्या ओळीवरून पुढे मला वरिष्ठांनी बरंच ऐकवलं.

पहिला संशय गाडीचं काम करणाऱ्या मेकॅनिकवर गेला. त्याला अंथरुणातून उठवून आणलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तिचं सगळं काम मी केलंय. तिच्यात पुढं काय काय बिघडणार हाय, मला ठाऊक हाय. मी कशाला चोरीन?" इतका पटणारा बचाव मी सगळ्या नोकरीत ऐकला नाही. त्याला चहा देऊन घरी पाठवलं.

नऊच्या सुमारास पहिली खबर आली, तीही हिंडलगा तुरुंगातून. तिथला एक शिपाई स्वतःच घाबरत ठाण्यात हजर झाला. फोटो बघून त्याच्या ध्यानात आलं होतं की, तो सकाळी ड्युटीवर गेला तो याच गाडीतून. चोरीच्या गाडीत बसून तुरुंगात पोचलेला आणि तरीही आरोपी नसलेला असा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"तू बसलासच कसा?"

"साहेब, कॅम्पात स्टॉपवर हुबा हुतो. पाऊस लई. गाडी अगदी स्टॉपवर येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, आत सरका, दार सोडा. मग सरकलो."

"आणखी कोण होतं?"

"पाच-सात जण. एक आक्का चहा करत हुत्या."

तेवढ्यात शिनोळीहून फोन आला. तिथे गाडी थांबली, दोघे उतरले, चौघे चढले. पाटणे फाट्यावरून एका मास्तरांनी कळवलं, आत अकरा जण आहेत. हवालदार गंभीरपणे म्हणाला, "साहेब, टोळी वाढत चाललीया."

मला मात्र काहीतरी खटकत होतं. पळणारा चोर प्रत्येक स्टॉपवर थांबत नाही. मी त्या शिपायाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. चौकशीत माणूस महत्त्वाची गोष्ट क्षुल्लक समजून गाळतो, म्हणून तीच हकीगत दोनदा ऐकायची माझी सवय होती. या वेळी त्याने एक गोष्ट जादा सांगितली. "मी उतरल्यावर आक्कांनी पातेल्यावर पळी दोनदा वाजवली. मगच गाडी हलली."

ही तर कंडक्टरची डबल बेल. मी अजून ठाण्यातच थांबलेल्या फिर्यादीकडे वळलो. "तुमचे वडील काय करायचे?"

"सरकारी बसवर ड्रायव्हर हुते."

"कुठला रूट?"

"बेळगाव-वेंगुर्ला," तो म्हणाला आणि म्हणता म्हणता खाली बसला. गुंजीला फोन लावला. मावशी म्हणाली, "हितं कोण आलं न्हाय बाबा."

म्हणजे चोर घरातलेच होते. घाटात धुकं, गाडी चालवणारा सत्तरीचा, आणि पुढे माझ्या सांगण्यावरून सावध झालेले पोलीस. वरिष्ठांना आणि पुढच्या ठाण्यांना कळवून, मुलाला जीपमध्ये घालून मी आंबोली गाठली.

गाडी रस्त्याकडेला उभी होती. प्रवासी तिथल्या पोलिसांशी भांडत होते, "आमची गाडी का अडवलीसा? सावंतवाडीला कवा पोचायचं?" अडवणारा फौजदार आत पलंगावर बसून चहा पीत होता. मला बघून म्हणाला, "साहेब, टोळी भेटली. भजी पण करते म्हणतात."

मुलगा बापावर तडकला. "आप्पा, सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं तर न्हाय म्हणला असतास."

"न् ही माणसं कशाला भरलीसा?"

आप्पा गोंधळले. "पावसात मानसं हुबी हुती रं. गाडी आपोआप थांबली."

आक्का, म्हणजे त्याची आई, शेगडी बंद करून दारापाशी आल्या. त्यांनी मला विचारलं, "साहेब, समुद्र अजून किती लांब हाय? ऑपरेशनानंतर चालता येतंय का न्हाय, कुणी सांगावं. हे रोज तिकडं जायचे, पण माझं कधी जमलंच न्हाय."

मुलाने मान खाली घातली. तक्रार गैरसमजातून झाली असं लिहून द्यायला तो तयार झाला, पण गाडी रीतसर बेळगावला न्यायलाच हवी होती. मी गाडी ताब्यात घेतल्याचा कागद नीट वाचला. गाडी बेळगावला न्यावी असं होतं, कुठल्या रस्त्याने ते नव्हतं. स्टिअरिंग मुलाने घेतलं. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा मागे बसले आणि सावंतवाडीपर्यंत त्याला ब्रेक कुठे दाबायचा ते सांगत राहिले.

वेंगुर्ल्याला पाऊस इतका होता की आभाळ आणि पाणी वेगळं दिसत नव्हतं. मुलाने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने आक्कांना धरून वाळूत नेलं. एक लाट पावलांवरून गेली तशा त्या थबकल्या. बराच वेळ बघून आप्पांना म्हणाल्या, "एवढं सगळं हितं हुतं, न् तुम्ही रोज माघारी घरला येत हुतासा?"

आप्पांनी टोपी काढून डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. हजारो माणसांना मी "कुठे चाललात?" असं दरडावून विचारलं होतं. त्या रविवारी बायकोला पहिल्यांदाच विचारलं, "तुला कुठे जायचंय?" तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मग उत्तर द्यायला चार दिवस घेतले. उत्तराला एवढा वेळ लावणाऱ्यावर मी नेहमी संशय घ्यायचो. या वेळी दोष प्रश्न विचारणाऱ्याचा होता.