सेतुरावांचं ओलेतं

सेतुरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुंभकोणमला भूकंप झालाय असंच वाटलं. विठ्ठल मठामागचा माड गदागदा हलत होता, कावळे उडून स्वामीमलैच्या वाटेला लागले होते, आणि खाली एक धिप्पाड आचारी डोळे मिटून खोडाला पाठ घासत होता. चेहऱ्यावर साक्षात समाधी.

"गजकर्ण," त्यांची बायको अलमेलू म्हणाली. जावयाची ओळख करून द्यावी तसं.

कमरेपासून पाठीपर्यंत लाल कड्यांची रांगोळी होती. सेतुराव मठाचे पिढीजाद आचारी. अंघोळ करायची, धोतर पिळून तसंच ओलं नेसायचं, की झालं सोवळं! मग दिवसभर वाफ आणि घाम. बुरशीचा असा पाहुणचार कुणी केला नसेल. औषधाच्या दुकानातलं कुठलंसं मलम लावलं की खाज झोपायची, थांबवलं की दुप्पट उठायची.

यंदा मात्र मठाचे कार्यवाह त्यागराजराव म्हणाले, "गोकुळाष्टमीपर्यंत बरे व्हा, नाहीतर पळी दुसऱ्याच्या हाती. खाजवणारा हात सांबारात नको."

सेतुराव हादरले. बायकोला घेऊन भाची सौंदर्याकडे गेले. ती त्वचारोगाची डॉक्टर.

"मामा, ते मलम फेका. त्यात स्टिरॉइड आहे. खाज झाकतं आणि बुरशी पोसतं. या गोळ्या संपवा, हे मलम डागाच्या बाहेरही बोटभर लावा, आणि डाग गेले तरी दोन आठवडे चालू ठेवा. अंग कोरडं पुसायचं. ओलेतं बंद!"

"अय्यो! सोवळं मोडेल गे! आमचे आजे, बाबा, सगळे ओलेत्यानेच…"

"खोटं!" अलमेलू कडाडली. "सासूबाई धोतर काठीने उंच दांडीवर वाळत घालायच्या. वाळलं तरी सोवळंच ते! यांना काठी उचलायचा कंटाळा."

सौंदर्या पोट धरून हसली, आणि मग थांबली. "मामी, तुम्ही मान का खाजवताय?"

घरात दोघांत एकच पंचा होता.

दोघांनाही औषध मिळालं. पंचे वेगळे झाले, कपडे गरम पाण्यातून कडक उन्हात गेले. खाज थांबताच सेतुरावांनी मलम कपाटावर फेकलं. अलमेलूने ते काढून, दाराला कडी घालून, शेवटपर्यंत चोपडलं.

अष्टमीला पाठ लख्ख होती. पण मठाच्या समितीने आधीच केटरर ठरवला होता. सेतुराव कोरडं धोतर नेसून पंगतीत बसले. सांबार बरं होतं.