शंभरातली एक मुंगी

मिस्त्रीच्या दुकानात शिरायचं तर अंग चोरूनच शिरावं लागे. दोन्ही बाजूंना पोट उघडलेले टीव्ही, मधे एक टेबल, टेबलावर सोल्डरिंगची सळई आणि तिच्या धुरानं काळवंडलेला पंखा. चाळीस वर्षं हा माणूस टीव्ही दुरुस्त करत होता आणि त्याच्या कामात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. खोट होती ती स्वभावात. खरं बोलायचा, ते ठीक. पण खरं बोलून समोरच्याचं तोंड कसं पडतं, ते बघायलाही थांबायचा. "सेटला काही झालेलं नाही, तुम्ही पिनच नीट खोचली नव्हती," हे त्यानं कधी गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगितलं नाही. दुकानात चार माणसं असली की मगच सांगायचा.

थोरले भाऊ याच्या अगदी उलट. ते मशिदीत मुलांना शिकवत, शुक्रवारी प्रवचन देत, आणि सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणे. दोघांत हुशार कोण, ते वडिलांनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. थोरल्याच्या हातात ग्रंथ दिले, धाकट्याच्या हातात पक्कड. मिस्त्रीनं त्याबद्दल कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही. विसरलाही नाही. असल्या गोष्टी माणूस विसरतो होय?

तरी जीव होता एकमेकांवर. दुपारची नमाज झाली की उस्ताद रोज दुकानात येत, कोपऱ्यातल्या तीन पायांच्या स्टुलावर तोल सांभाळत बसत, दोघं चहा पीत. बोलणं फारसं नसे. उस्ताद एखाद्या उघड्या सेटकडे बघून "हे काय रे?" विचारत आणि मिस्त्री "तुला नाही कळायचं, दादा," म्हणे. हे वाक्य म्हणायला त्याला फार आवडायचं.

एकदा काय झालं, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक आपला सेट न्यायला आले. मिस्त्रीनं तो लावून दाखवला. अँटेना जोडलेला, पण चॅनेल लावलेलं नव्हतं, त्यामुळे पडदाभर नुसत्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या आणि खरखर. मिस्त्री चॅनेल फिरवणार, तेवढ्यात प्राध्यापक म्हणाले, "राहू द्या जरा. या मुंग्यांमधली शंभरातली एक विश्वाच्या सुरुवातीची आहे, ठाऊक आहे का?"

मिस्त्रीला वाटलं, हे पैसे कमी करायला काहीतरी बोलतायत. पण प्राध्यापकांनी नीट समजावून सांगितलं. चौदाशे कोटी वर्षांपूर्वी सगळं एका जागी दाटलेलं होतं, भट्टीहून गरम. मग ते पसरायला लागलं. सुरुवातीला इतकं गच्च धुकं होतं की उजेडालाही वाट मिळेना. जवळजवळ चार लाख वर्षांनी ते निवळलं आणि उजेड सुटला. तो अजून भटकतोय, थंड होत होत. त्यातला थोडासा या अँटेनात शिरतो.

उस्तादांनी कप खाली ठेवला. "धूर म्हणालात?"

"धुकं म्हणालो."

"आमच्या ग्रंथात आहे, आभाळ आधी धूर होतं. आणि आभाळ-जमीन जोडलेली होती, ती मग वेगळी केली." ते थोडे पुढं सरकले, स्टूल कलंडलं, सावरले. "मला एक सांगा, सर. या सगळ्याच्या आधी काय होतं?"

"आधी या शब्दाला तिथं काही अर्थ आहे की नाही, तेच आम्हाला ठाऊक नाही."

उस्ताद पोट धरून हसले. "अहो, यावर आमचे जुने विद्वान हयातभर भांडले. काही म्हणायचे, जग कायमचंच आहे. बाकीचे म्हणायचे, नाही, ते निर्माण केलं गेलं, आणि काळही त्याच्याबरोबरच निर्माण झाला, तेव्हा आधी काय होतं हे विचारूच नका."

मिस्त्री सळई हातात धरून ऐकत होता. दादाला काही नवं कळलं आणि ते आपल्या दुकानात कळलं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्या दिवशी त्यानं प्राध्यापकांकडून मजुरी घेतली नाही.

इथवर सगळं छान होतं. पण शुक्रवारी उस्तादांनी ते प्रवचनात सांगितलं. विज्ञानाला आज कुठं कळलं ते आपल्याला केव्हाच सांगून ठेवलंय, आणि पुरावा हवा असेल तर माझ्या भावाच्या दुकानात जा. झालं. शनिवारपासून दुकानाला जत्रेचं रूप आलं. प्राध्यापकांचा सेट केव्हाच घरी गेला होता, म्हणून लोक मिस्त्रीच्याच एका जुन्या सेटवर मुंग्या बघायचे. कुणी सेटला कान लावतोय, कुणी डोळे पुसतोय. एकानं तर गुडघे दुखतात म्हणून सेटला गुडघा टेकवून बघितला. तीन दिवस मिस्त्रीला एक तार जोडता आली नाही. आणि जो तो विचारायचा काय, तर "उस्ताद म्हणाले तो सेट कुठला?" दुकान मिस्त्रीचं, सेट मिस्त्रीचा, नाव दादाचं.

चौथ्या दिवशी उस्ताद स्वतः पाच-सहा माणसं घेऊन आले आणि रोजच्यासारखा चहाचा कप हातात घेतला. मिस्त्रीनं सळई खाली ठेवली.

"नीट ऐका," तो म्हणाला. "यातल्या नव्व्याण्णव मुंग्या रस्त्यावरच्या स्कूटरच्या, समोरच्या गिरणीच्या मोटारीच्या आणि या सेटच्या स्वतःच्या गरमीच्या आहेत. तिकडची फक्त एक, आणि ती कुठली ते मलाही दाखवता येणार नाही. उद्या प्राध्यापक म्हणाले की आमचं जरा चुकलंच होतं, तर दादा ग्रंथ दुरुस्तीला माझ्याकडे आणणार का? ज्याला घरचा फ्यूज बदलता येत नाही, तो आपल्याला विश्व कसं सुरू झालं ते शिकवतोय."

माणसं हसली. मोठ्यानं नाही, पण हसली. उस्तादांनीही हसल्यासारखं केलं. हातातला कप टेबलावर ठेवला, कानाची बाजू भिंतीकडे करून, जसा ते रोज ठेवत, आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

तुम्ही म्हणाल, तो खोटं काय बोलला? काहीच नाही. शब्द न् शब्द खरा होता. तिथंच तर घोडं पेंड खातं.

पाण्यात काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही, असं भावाभावांबद्दल लोक म्हणतात. हे पाणी सहा वर्षं तुटलेलं राहिलं. मिस्त्रीची बायको सुरुवातीला रोज मागं लागायची. "जाऊन या एकदा. माफी मागितली म्हणून जीभ झडत नाही कुणाची."

"मी खोटं बोललो का?"

"खरं बोललात, म्हणून तर जा म्हणते. खोट्याची माफी कुणीही मागतं."

तो गेला नाही. त्याचं म्हणणं एकच, दादानं यावं, स्टूल काही मी फेकून दिलेलं नाही. आणि खरंच, ते स्टूल त्यानं कुणाला बसायला दिलं नाही. गिऱ्हाईक उभं राही, स्टूल रिकामं राही.

मधल्या काळात टीव्ही पातळ झाले. सिग्नल नसला की नवे सेट निळा पडदा दाखवतात, मुंग्या दाखवतच नाहीत. मिस्त्रीचं काम रिमोटची बटणं साफ करण्यावर आलं. जुने सेट भंगारात गेले, एक सोडून. तो एक, त्या जत्रेतला, टेबलाखाली चादरीत गुंडाळलेला होता. सुट्या भागांसाठी ठेवलाय, असं तो बायकोला सांगे. दर महिन्याला लावून बघे, काच पुसे आणि पुन्हा चादर घाली. सुट्या भागांची इतकी निगा कोण राखतं, हे बायकोला कळत होतं. 

आणि मग एका सकाळी पुतणी दुकानात आली. उस्तादांची एकुलती एक मुलगी, औषधांच्या दुकानात कामाला. पाठीवरची पिशवीही न काढता बोलायला लागली.

"काका, बाबांची नजर गेली. साखरेनं. आता मूत्रपिंडंही साथ देत नाहीत. त्यांनी विचारलंय, ती मुंग्यांची खरखर एकदा ऐकायला मिळेल का? सेट घरी आणता येईल का?"

मिस्त्रीनं हातातला रिमोट खाली ठेवला.

"आणि निरोप दिलाय. म्हणाले, त्याला सांग, त्या दिवशी चूक माझी होती. श्रद्धेला पुरावा जोडायला निघालो होतो. सेट बिघडला की श्रद्धाही दुरुस्तीला टाकायची, असला संसार नको. आता पुरावा नको, नुसतं ऐकायचंय. शंभरात एक असली तरी पुरे."

सेट त्याच्या पायाशी होता, ठणठणीत. उचलायचा आणि चालू लागायचं, दहा मिनिटांची वाट. तो म्हणाला, "कंडेन्सर गेलाय त्याचा. मागवावा लागेल. आठवडा तरी जाईल."

का म्हणाला? नंतर त्यानं स्वतःला हे शंभर वेळा विचारलं. सहा वर्षं ज्याची वाट बघितली तो स्वतः आला नाही, मुलीला पाठवलं, म्हणून असेल. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. किंवा दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचेपर्यंत आठवडा हवा होता, म्हणूनही असेल. भावाचे डोळे गेले हे ऐकूनही या माणसाला आठवडा हवा होता. मला तरी त्याची कीव येते आणि रागही येतो.

पाचव्या दिवशी पुतणीचा फोन आला. "काका, आला का?" "परवा येईल," तो म्हणाला. आठव्या दिवशी त्यानं दाढी केली आणि बसून राहिला. नवव्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घातला, सेट हातगाडीवर ठेवला, भोवती चादर आवळली आणि निघाला. खड्डा आला की एका हातानं सेट धरायचा. पहिलं वाक्यही सापडलं होतं. "दादा, तुझं स्टूल वाट बघतंय."

भावाच्या दारात चपलांचा ढीग होता. तो बघून मिस्त्रीनं गाडी थांबवली. शेजारचा एक माणूस, नवीन राहायला आलेला असावा, पुढं येऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, आज दुरुस्तीचं काम नको. घरातले उस्ताद पहाटे गेले."

"हो," मिस्त्री म्हणाला. गाडी वळवून त्यानं सेट आधी दुकानात ठेवला आणि मग भावाला खांदा द्यायला परत आला.

तीन दिवसांनी वहिनीनं त्याला आतल्या खोलीत बोलावलं. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. त्यावरचे सगळे ग्रंथ खाली जमिनीवर, भिंतीला टेकवून रचलेले. टेबलाच्या पायाला नवा प्लगबोर्ड ठोकला होता, थोडा तिरका. समोर दोन खुर्च्या.

"बोर्ड त्यांनीच ठोकला," वहिनी म्हणाली. "चाचपडत. बोट ठेचून घेतलं. मी म्हटलं माणूस बोलावू, तर म्हणाले, नको, मिस्त्री आला की दाखवायचाय त्याला."

मिस्त्रीनं बोर्डाला हात लावला. तार पक्की आवळलेली होती.

खिडकीत एक छोटा रेडिओ होता. पुतणीनं तो उचलला. "तुम्ही कंडेन्सरचं सांगितलंत ना, त्या दिवसापासून बाबा हाच लावून बसायचे. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवायचा आणि खरखर ऐकायची. म्हणायचे, सेट येईपर्यंत यावर भागवू." तिनं बटण फिरवलं. खरखर सुरू झाली.

मिस्त्रीनं पट्टीकडे बघितलं. मीडियम वेव्ह. या पट्टीवरची खरखर कुठल्या तरी लांबच्या विजांची, शेजारच्या मोटारींची, ट्यूबलाइटची. सुरुवातीचं इथं काही पोचतच नाही, वरची हवाच खाली येऊ देत नाही. शंभरात एक सोडा, कोटीत एक नाही. नऊ दिवस दादा आंधळ्या डोळ्यांनी या खिडकीत बसून गिरण्यांच्या मोटारी ऐकत होता.

"शेवटच्या संध्याकाळी म्हणाले, येतंय ऐकू," पुतणी म्हणाली. "काका, यात होतं ना ते? सुरुवातीचं?"

वहिनीही त्याच्याकडे बघत होती. मिस्त्री त्या दोन खुर्च्यांतल्या दाराजवळच्या खुर्चीवर बसला. आयुष्यभर त्याला असा प्रश्न विचारला की उत्तर तयार असे, आणि ऐकायला चार माणसंही लागत.

"होतं," तो म्हणाला.

"शंभरात एक?"

"या रेडिओत जास्तच. हा चांगला पकडतो."

पुतणी रडायला लागली आणि वहिनीनं तिला जवळ घेतलं. मिस्त्री रेडिओ मांडीवर घेऊन बसून राहिला. खऱ्याचा एवढा दिमाख मिरवणाऱ्या माणसाची भावाच्या घरच्यांना मारलेली ही दुसरी थाप. पहिली कंडेन्सरची होती.