तिसऱ्या हाकेनंतर

आमच्या भोर-वेल्ह्याकडे तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. माणूस तीनदा हाक मारतो. एकदाच मारतं ते माणूस नसतं. माझा राष्ट्रीय पुरस्कार या भीतीवरच उभा आहे म्हणा ना.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, एका धनगरवाड्यावर, मी सिनेमासाठी आवाज गोळा करत होतो. दिवेलागणीला तिथली एक म्हातारी दारात यायची आणि समोरच्या उतारावर शेरडं राखणाऱ्या नवऱ्याला बोलवायची. नाव कसं घेणार? नुसतं "अवंऽऽ". तीनदा. सिनेमा भुताचा होता, म्हणून मी तिची पहिलीच हाक ठेवली आणि पुढे शांतता. थेटरात लोकांच्या अंगावर काटा यायचा. ध्वनिरचनेचा पुरस्कार मिळाला तो त्या जागेमुळे, असं सगळेच म्हणाले. दिल्लीहून मी कॉलर ताठ करून परतलो.

नसरापुरात पेढे घेतले आणि दिवेलागणीला वाड्यावर पोचलो, तर म्हातारी पावसाळ्यातच गेलेली. म्हातारा घरात भिंतीला टेकून बसला होता, सून चुलीपाशी. पेढ्याला त्यानं हात लावला नाही.

"तिचा आवाज हाय म्हनं तुमच्यापाशी. ऐकवा की."

मी मोबाईलवर सिनेमातला तुकडा लावला. "अवंऽऽ." मग माझी ती नावाजलेली शांतता. म्हातारा वाट बघत राहिला. सुनेनं उठून दार लोटलं आणि कडी घातली.

"फुडच्या दोन कुठं गेल्या?" त्यानं विचारलं. "माजी बायकू काय भूत झाली व्हय, सायेब?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मूळ रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्ये होतं, ते घाईघाईनं लावलं. एक हाक. दुसरी. तिसरीनंतर उतारावरून त्याचाच आवाज येतो, हे मला ठाऊक होतं. पण त्याच्या आधीच म्हातारा काठी टेकत उठला आणि लोटलेल्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "ओ गं. आलो."

मग लॅपटॉपमधूनही तो तेच म्हणाला, लांबून, थोडा धापा टाकत.

"मामा, ओ देऊ नगा!" सून ओरडली. मीही भ्यालो, खोटं कशाला सांगू. मी लॅपटॉप खाडकन मिटला.

म्हातारा मात्र दारापर्यंत गेला आणि त्यानं कडी काढली.

"तीन झाल्या की," तो सुनेला म्हणाला. "आता न्हाई कसं म्हनू?"