मागून येणारे ‘नाही’

नसीमआपा गेल्याचा निरोप अकोल्याहून तिच्या धाकट्या बहिणीने दिला, तेव्हा मी संत्रे सोलत होते. सालीचा उग्र गंध बोटांवर तसाच राहिला आणि मनात एकच शब्द उमटला... ‘नॉट’.

शेतीवरच्या संकटाच्या त्या वर्षांत अमरावतीच्या एका लहानशा कार्यालयात आम्ही दोघी शेजारी बसत असू. कृषी सल्लागारांनी पडद्यावर विहीर, बांध, पाट यांच्या चौकटी जोडाव्यात आणि शेताचा पाणी-आराखडा उभा राहावा, असे साधन आम्ही घडवत होतो. त्याचा बहुतेक कोड संगणकच लिहून देई. पण चौकटीत मराठी अक्षरे मावत नसत, वेलांट्या छाटल्या जात. आपाने महिनाभर खपून तो भाग हाताने लिहिला. कोड नव्याने काढला की हातचे सारे पुसले जाई. ते शाबूत राहावे म्हणून तिने प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावरील ‘जनरेटेड’, म्हणजे ‘यंत्राने लिहिलेले’, या खुणेनंतर ‘नॉट’ लिहून ठेवले होते.

मी साहित्याची विद्यार्थिनी. कोडमधल्या टिपांची भाषा तपासणे हे माझे काम. ‘जनरेटेड नॉट’ हे इंग्रजी मला खुपले. अकोल्यातील प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी, तिला न विचारता, मी सर्वत्र ‘नॉट जनरेटेड’ केले आणि कोड नव्याने काढला. यंत्राला व्याकरणाशी कर्तव्य नव्हते. ओळ ‘जनरेटेड’वर संपली की तो तुकडा आपला, एवढेच ते जाणत होते. आपाचे हातचे सारे त्याने पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात वलगावचे एक सल्लागार उठले. “बाई, हे ‘वहर’ काय हाय? विहीर कुठी गेली, आटली का?” हशा पिकला. आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी आपाला सर्वांदेखत विचारले, “तुम्ही तपासलं नाही?” आपाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे.

“राहून गेलं, साहेब,” ती म्हणाली.

परतीच्या एसटीत ती हळूच म्हणाली, “तू ‘नॉट’ पुढं आणलं ना?” मी मान डोलावली. “अगं, आपलं ‘नाई’ मांगूनच येते. आलो नाई, खाल्लं नाई. मशीनले कळलं, अन् तू तं मराठीची!” ती खळखळून हसली. मी म्हटले, “साहेबांना सांगते, आपा.” तिने ते सारे पुन्हा लिहिले. पुढच्या कामाची प्रमुख तीच व्हायची होती... झाली नाही.

तिने थट्टेने माझ्या संगणकाला चिकटवलेली चिठ्ठी अजून तिथेच आहे. शाई विटली, अक्षर तिचेच. ‘नाही मागून.’ रोज वाचते, आणि साहेबांना सांगायचे ते माझे वाक्य तिच्याच नियमाने पुरे होते... सांगितले नाही.