चाचींचा मोगरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. परवा कन्हेरी गावच्या रानात उसाला टाकायला युरियाचं पोतं उघडलं, तो उग्र वास नाकात गेला आणि शेजारच्या चाचींचा मोगरा आठवला. लेकीच्या लग्नात घरच्याच फुलांचा गजरा घालायचा, असं त्यांनी ठरवलं होतं आणि दारातली कुंडी कळ्यांनी भरली होती. इंदापूरला माहेरी जाताना त्या म्हणाल्या, "भाऊ, तेवढं पाणी घाला." फुलं भरपूर यावीत म्हणून मी उसाला टाकतो तसा मूठभर युरिया कुंडीत टाकला. दोनच दिवसांत पानं करपली, कळ्या गळाल्या. चाची परतल्यावर मी सांगितलं, "ऊन लागलं." त्या करपलेलं पान बोटांनी चुरत बसल्या. "माझंच चुकलं. सावलीत ठेवून जायला पायजे होतं," म्हणाल्या आणि विळ्यानं फांद्या बुडापासून छाटायला लागल्या. "टाका आता, नवा आणू," मी म्हटलं. तर म्हणाल्या, "मुळी जिती हाय. मी न्हाय सोडायची ह्याला." लग्नात गजरा बाजाराचाच आला, पण रोप त्यांनी जगवलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ती कुंडी जिन्याखाली सावलीत ओढतात, आणि उन्हावाचून मोगरा जेमतेम चार कळ्या देतो. "धरा की वो भाऊ, उन्हाचा काय भरवसा न्हाय," असं त्या म्हणतात आणि मी दुसरी बाजू धरतो. कुंडी उन्हातच राहू द्या, तेव्हा ऊन लागलं नव्हतं, मी युरिया टाकला होता, एवढं चाचींना सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.